निळ्या मण्याची पिन

सुप्याच्या कारखान्यातला माझा पहिला दिवस, आणि सकाळचा चहा व्हायच्या आत माझी ओढणी एका टेबलाने धरून ठेवली.

खोटं नाही, खरंच! मी नुसती वाकून बघत होते. लांबच लांब लाकडी टेबल, त्यावर पोलादाची जाड पट्टी आणि पट्टीवर ओळीने चिकटवलेले चकचकीत तुकडे. आणखी जरा वाकले… आणि टक्! खांद्यावरची पिन ओढणीसकट खाली गेली आणि त्या तुकड्यांना जाऊन चिकटली. तिच्या मागोमाग मीही निम्मी टेबलावर.

"हलू नका," मागून आवाज आला.

"मी कुठे हलतेय? मला हलवलंय!"

आता तुम्ही म्हणाल, इंजिनियर बाई, मोटरच्या कारखान्यात नोकरीला आली, आणि तिला लोहचुंबक ओळखू येऊ नये? पण शाळेतलं चुंबक लाल-निळं असतं हो. हे तर कपाटाच्या आरशासारखं चमकत होतं. आणि इतकं जोरकस असेल असं कुणाला वाटणार?

आवाजाचा मालक समोर आला. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात पितळी चिमटा आणि लाकडाची पाचर. त्याने पाचर पिनेखाली सरकवली, चिमट्याने हळूच पिन उचलली आणि ओढणी मोकळी केली. त्याचं तोंड माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं आणि त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पिनेकडे मात्र फार मन लावून पाहत होता.

"दारावरची पाटी वाचली नाहीत?"

"पाटीच्या आधी दार आलं."

"आणि ताट?"

"कसलं ताट?"

तेवढ्यात एक ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या बाई धावत आल्या. "आगं माझे बाई! ताटात काय ठिवलं न्हाई व्हय तू? हितं लोखंड घिऊन यायचं नसतं. लई वंगाळ हाय ही पट्टी. मागं माझी चावी गिळली हुती हिनं!"

या झुंबरबाई. मॅग्नेट रूममध्ये पट्टीवर चुंबकं चिकटवायचं काम त्यांचं, आणि दारातल्या लाकडी ताटाची राखणही त्यांचीच. खोलीत शिरण्याआधी प्रत्येकाने घड्याळ, किल्ल्या, पिना, चिमटे, मोबाईल, सगळं त्या ताटात उतरवायचं. साहेबांनीसुद्धा. देवळाबाहेर चपला काढतात तसं, आणि झुंबरबाईंच्या दृष्टीने तितकंच पक्कं.

चिमटेवाल्याचं नाव अमृत. गाव राजूर, तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात. मोटरची चुंबकं कशी बसवायची ते सगळं तो ठरवायचा. आणि मी राजनंदिनी, गाव श्रीरामपूर. त्या मोटरला वीज किती आणि कधी द्यायची, त्याचा प्रोग्रॅम लिहायला आलेली. म्हणजे एकाच मोटरचे आम्ही दोन आईबाप म्हणा ना… छे, हे वाक्य तेव्हा सुचलं नव्हतं. बरंच नंतर सुचलं.

दुपारी डबा खाताना मी त्याला गाठलं.

"माझी पिन?"

"फेकली."

"फेकली? अहो, हरेगावच्या यात्रेतली होती ती! निळा मणी होता तिला."

"वाकली होती."

"वाकली म्हणून काय फेकून देतात?"

त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. हसला नाही, पण हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं दिसलं. "दुसरी घ्या. पण इथे घालून येऊ नका," एवढं बोलून तो परत भाकरीकडे वळला.

आमची आई म्हणते, माझ्या जिभेला हाड नाही. खरंच नाही. आणि या माणसाला जीभ आहे की नाही याचीच मला शंका यायला लागली. म्हणजे बघा, जोडी कशी जमली ती!

* * *

आमची मोटर गोल फिरणारी नव्हती, सरळ पळणारी होती. नेहमीची मोटर उभी कापून, उलगडून, चपातीसारखी सपाट पसरली तर कशी होईल, तशी. खाली चुंबकांची लांब पट्टी आणि वर तिच्यावरून धावणारा गाडा. गाड्याच्या पोटात तारांची वेटोळी आणि लोखंडाचे दात. वीज दिली की गाडा सुळ्ळकन पळतो. पुण्याची एक कंपनी काचेवर बारीक रेघा मारायचं यंत्र बनवत होती. त्यांना आमची मोटर हवी होती, पण एका अटीवर: गाडा लोण्यातून सुरी फिरावी तसा गेला पाहिजे. आणि आमचा गाडा गचके खात होता.

"डोळे मिटा," अमृत म्हणाला. मला येऊन तेव्हा आठवडाच झाला असेल.

"का बरं?"

"हाताला जास्त कळतं."

मी डोळे मिटले. त्याने वीज बंद केली, माझा हात गाड्यावर ठेवायला सांगितलं आणि म्हणाला, "हळू ढकला." मी ढकलला. गाडा अडला, मग एकदम सुटला, पुन्हा अडला, पुन्हा सुटला. जुन्या कपाटाचा खण ओढताना अडकतो ना, तस्सा.

"हे असं का होतं?" मी डोळे मिटूनच विचारलं.

"वरच्या लोखंडी दाताला खालचं चुंबक ओढून धरतं. मग सोडतं. मग पुढचं धरतं." तो थांबला. "दाताला पुढे जायचं असतं… पण चुंबकाला सोडवत नाही."

मी डोळे उघडले. त्याचे कान लाल झाले होते. मी काहीच म्हटलं नाही, आणि माझ्यासारखी बाई काहीच म्हणत नाही तेव्हा समजायचं, पाणी कुठेतरी मुरलंय.

इंग्रजीत याला थ्रस्ट रिपल म्हणतात. आमच्याकडे सगळे गचका म्हणायचे. गचका घालवायचे दोन रस्ते होते आणि त्यावरून आमची रोज जुंपायची. माझं म्हणणं, गाडा कुठे किती अडतो ते मोजून घेते आणि नेमक्या त्या जागी थोडी जास्त, थोडी कमी वीज देते. गचक्याला गचका मारते, काम खलास!

"आधी मुळातून कमी करू," अमृत म्हणायचा. "उरेल तेवढा तुम्ही घ्या."

"म्हणजे उष्टं माझ्या वाट्याला?"

"उष्टं नाही…" तो पट्टीकडे बघत म्हणाला. "शेवटचा घास."

आता सांगा, असं काही बोलून माणूस चिमटा घेऊन चालता झाला तर बाईने काय करावं? मी दुपारभर चुकीचे आकडे भरत बसले आणि ते सगळे पुसून पुन्हा भरावे लागले.

त्याची युक्ती साधी होती. चुंबकं सरळ बसवायची नाहीत, जरा तिरकी बसवायची. मग दात एका कडेला सुटत असतो तेव्हाच दुसऱ्या कडेला धरला जातो, आणि गाड्याला ना एकदम अडल्यासारखं होत ना एकदम सुटल्यासारखं. "थोडा जोर कमी होतो," तो म्हणाला, "पण शांत चालतो." तिरकं म्हणजे किती तिरकं, यावर आमचे सगळे दिवस गेले. तो पट्टी बनवायचा, मी मोजायचे, पडद्यावर लाटा उमटायच्या, मी नाक मुरडायचे, तो झुंबरबाईंकडून पुन्हा सगळी उखडून घ्यायचा.

"तुमा दोगांच्या पायी माझी बोटं झिजली," झुंबरबाई म्हणायच्या. "येकदाचं जमवा काय ते." आणि असं म्हणून माझ्याकडे अशा बघायच्या, की त्या चुंबकांबद्दल बोलत नाहीत हे मॅग्नेट रूमच्या भिंतींनाही कळावं.

* * *

पौषात झुंबरबाईंनी कारखान्यातल्या सगळ्यांना हुरड्याला बोलावलं. त्यांचं शेत पारनेरच्या बाजूला, मागे डोंगरावर पवनचक्क्या. संध्याकाळचं वारं बोचत होतं. आगटीत कणसं भाजली जात होती, शेणींचा धूर डोळ्यांत जात होता आणि आमचे मॅनेजर वैजनाथ सर टोपी कानावर ओढून शेंगदाण्याच्या चटणीची स्तुती करत होते.

अमृत आगटीपाशी बसला होता. गरम कणीस हातावर घ्यायचा, चोळायचा, फुंकर मारून भुसा उडवायचा. हिरवे कोवळे दाणे त्याच्या ओंजळीत उरायचे. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. मुद्दाम बसले, उगाच खोटं कशाला बोलू?

"मला चोळता येत नाही," मी म्हटलं. "हात भाजतात."

त्याने काही न बोलता ओंजळ माझ्या हातावर रिकामी केली. पुढचं कणीस घेतलं, चोळलं, पुन्हा माझ्याच हातावर. त्याच्या बाजूला बसलेल्या वैजनाथ सरांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"तुम्ही नाही खाणार?" मी विचारलं.

"खाईन."

"कधी?"

"तुमचं झालं की."

धुराने डोळ्यांत पाणी आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. पण मला तो माणूस आवडत होता, फार आवडत होता, आणि त्या आगटीपाशी ते मला अगदी स्वच्छ कळलं. वाटलं, आज बोलेल. परतीच्या गाडीत शेजारी बसला तेव्हा वाटलं, आता बोलेल. सुप्याचा चौक आला, मी उतरले. तो म्हणाला, "उद्या पट्टी तयार असेल."

पट्टी! मी कपाळावर हात मारून घेतला.

असे किती दिवस काढायचे? झुंबरबाईंनी एकदा त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, "अमृतदादा, बोलणाऱ्याची माती इकती, न बोलणाऱ्याचं सोनं बी इकत न्हाई." तो हसला आणि गोंदाची बाटली हलवत राहिला. मग मलाच राग आला. म्हटलं, रोज या माणसाकडे बघायचं, रोज वाट बघायची आणि रोज कोरडंच घरी जायचं, त्यापेक्षा लांब गेलेलं बरं. बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीत मी अर्ज करून टाकला. काम कसलं, तर दिवसभर पडद्यासमोर बसायचं. गाड्याला हात लावायला मिळणार नव्हता. पण त्यांनी लगेच निवडलं, आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाले.

मी सोमवारी टपरीवर चहा घेताना अमृतला सांगितलं. "मला बेंगळुरूहून बोलावणं आलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

त्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"चांगलं आहे?"

"मोठी कंपनी आहे. तुम्हाला पुढे जाता येईल."

"एवढंच?"

त्याने बशीतला चहा परत कपात ओतला.  मग म्हणाला, "मला पट्टीवर झाकण चढवायचंय आज," आणि गेला. मी तिथेच उभी राहिले. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात ना… त्या दिवशी जीभच नव्हती.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅग्नेट रूममध्ये गेले तर अमृत गुडघ्यावर बसून टेबलाखाली बघत होता. मग उठला, ताटातल्या किल्ल्या खालीवर केल्या, ॲप्रनचे खिसे उलटे केले.

"काय हरवलं?"

"काही नाही… स्क्रू."

"कसला?"

"छोटा."

"पितळी असेल तर सापडेल, लोखंडी असेल तर पट्टीने खाल्ला असेल," मी फणकाऱ्याने म्हटलं. मला त्याच्या स्क्रूचं काय पडलं होतं?

पण पट्टी मात्र सुरेख झाली होती. तिरकी चुंबकं, वर स्टीलचं पातळ, चुंबकाला न चिकटणारं झाकण. मी गाडा पळवला आणि पडद्यावर बघतच राहिले. डोंगरासारख्या लाटा होत्या तिथे आता शेताच्या बांधाएवढे उंचवटे उरले होते. उरलेले मी विजेने सपाट केले. शेवटचा घास. वैजनाथ सरांनी टाळ्या वाजवल्या. शुक्रवारी पुण्याची माणसं बघायला येणार होती, आता काही काळजी नाही म्हणाले.

आणि तेवढ्यात गाड्याने गचका खाल्ला.

एकच. पट्टीच्या साधारण मधोमध, एकाच जागी. परत पळवला, परत तिथेच. हळू पळवला, जोरात पळवला, तिथेच.

"दर चुंबकाला आला असता तर तो तुमचा," मी अमृतला म्हटलं. "सगळीकडे आला असता तर माझा. हा एकदाच येतोय. हा कुणाचा?"

"एखादं चुंबक सैल असेल," तो म्हणाला.

"म्या बसिवलंय आन् सैल?" झुंबरबाई कडाडल्या.

बुधवार शोधण्यात गेला. वैजनाथ सरांचा धीर सुटला. "राजनंदिनी मॅडम, त्या जागी जरा वीज वाढवा आणि झाका. परवा माणसं येतायत."

मला झाकता आलं असतं. पण वेग बदलला की वाढवलेल्या विजेची जागा थोडी मागेपुढे होते आणि गचका डोकं वर काढतो, ते मला माहीत होतं. मी काही बोलणार, तोच अमृत म्हणाला, "झाकू नका. झाकलेलं कधी ना कधी वर येतंच."

मी गर्रकन वळले. "हे तुम्ही सांगताय? तुम्ही?"

 वैजनाथ सरांना काही कळलं नाही. झुंबरबाईंना सगळं कळलं.

* * *

गुरुवारी दुपारी ढग आले. अवकाळी. पत्र्यावर बारीक टपटप सुरू झाली आणि मातीचा वास खिडकीतून आत आला. मला संध्याकाळी घरी फोन करून बेंगळुरूचं पक्कं सांगायचं होतं. पण त्याआधी हा गचका मला शोधायचाच होता. जाताना मागे अर्धवट काम ठेवायचं नव्हतं.

आमच्याकडे एक हिरवी फिल्म असते. चुंबकावर ठेवली की खालचं चुंबक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, त्याच्या रेघा तिच्यावर उमटतात. मी ती झाकणावर ठेवली आणि सरकवत निघाले. तिरक्या रेघा, एकीला एक लागून, झुंबरबाईंनी रांगोळी काढल्यासारख्या. पुढे सरकवली. रेघा. आणखी पुढे…

"अमृत," मी हाक मारली. "इकडे या."

तो आला. वैजनाथ सर आले. झुंबरबाई चवड्यांवर उभ्या राहून बघू लागल्या.

दोन चुंबकांच्या फटीत एक वेगळीच आकृती उमटली होती. लांबट, एका टोकाला गोल डोकं, दुसऱ्या टोकाला वळलेली.

"आगं बया," झुंबरबाई म्हणाल्या, "ही तर पिन हाय!"

मी अमृतकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

झाकण तिथून अलगद उचललं. त्यानेच उचललं, पितळी चिमट्याने. फटीतून पिन बाहेर आली. जराशी वाकलेली. टोकाला निळा मणी.

मी ती लगेच ओळखली. 

"कुणाची आहे ही?" वैजनाथ सर तापले. "किती वेळा सांगितलं, ताटात ठेवा म्हणून! दोन दिवस फुकट गेले. झुंबरबाई, तुमची?"

"न्हाई वो सायेब. म्या तर पिन लावतच न्हाई."

"मग मॅडम, तुमची?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी अमृत बोलला. "माझी आहे, सर."

"तुमची?" सर त्या निळ्या मण्याकडे बघत राहिले. "तुम्ही पिन वापरता?"

"वापरत नाही, सर." त्याने पिन तळहातावर घेतली. "ठेवतो."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. वैजनाथ सरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा पिनेकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उजेड पडला, आणि ते खाकरून म्हणाले, "बरं. झाकण उद्या सकाळपर्यंत बसायला हवं," आणि बाहेर निघून गेले. जाताना ताटातलं घड्याळ घ्यायलाही विसरले.

"चला, म्या बी च्या पिऊन येते," झुंबरबाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघंच उरलो. मध्ये टेबल, टेबलावर उघडी पट्टी.

"फेकली म्हणाला होतात," मी म्हटलं.

"फेकायलाच निघालो होतो. हातातून सोडवेना." तो पिनेकडेच बघत होता. "रोज लॉकरमध्ये ठेवायचो. आत कधी आणली नाही. सोमवारी तुम्ही ते बेंगळुरूचं सांगितलंत… मग हातात घेऊन बसलो होतो. तशीच खिशात राहिली. ताट समोर होतं, पण मला काही दिसतच नव्हतं."

सगळ्या कारखान्याच्या पिना उतरवून घेणारा माणूस! स्वतःच लोखंड घेऊन आत आला आणि दोन दिवस सगळ्यांसोबत तेच शोधत फिरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला हसायला येत होतं आणि डोळे भरून येत होते, आणि दोन्ही एकदम होतं तेव्हा मला हमखास राग येतो.

"मग त्या दिवशी 'चांगलं आहे' कशाला म्हणालात?"

"तुमच्या वाटेत मी का आडवा येऊ? मोठी नोकरी आहे. मी काय… राजूरचा, इथे सुप्यात चुंबकं चिकटवणारा. मी थांबा म्हटलं असतं आणि पुढे तुम्हाला पस्तावा झाला असता तर?"

"आडवे येताय की नाही ते मी बघेन!" माझा आवाज चढला. "थांबायचं की जायचं तेही मीच ठरवीन. पण मला कळायला नको? मी आगटीपाशी बसले, गाडीत शेजारी बसले, टपरीवर उभी राहिले. दर वेळी वाटलं, आता बोलेल. आणि तू काय म्हणालास? पट्टी तयार असेल!"

तू. निघून गेलं तोंडातून. त्यालाही ते ऐकू आलं. त्याने मान वर केली आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

"राजनंदिनी," तो म्हणाला. मॅडम नाही, राजनंदिनी. माझं एवढं लांबलचक नाव त्याच्या तोंडून अगदी सावकाश आलं. "पहिल्या दिवशी तुझी ओढणी सोडवली ना… तेव्हापासून मी अडकलोय. तू मला आवडतेस. फार आवडतेस. जायचं असेल तर जा, मी वाट बघेन. पण मला विचारशील तर… जाऊ नकोस."

बाहेर पावसाचा जोर वाढला होता. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले आणि त्याच्या तळहातावरची पिन उचलली. त्याने बोटं मिटली, माझ्या बोटांसकट. त्याचा हात गरम होता, हुरडा चोळला होता त्या दिवशी होता तसा.

"मला मुळात जायचंच नव्हतं," मी म्हटलं. "नुसता राग होता."

"मग अर्ज?"

"तोसुद्धा रागच."

आता मात्र तो हसला. कोपऱ्यावर थांबला नाही, सगळं तोंडभर हसला, आणि मला वाटलं, एवढ्या महिन्यांची उधारी फिटली.

* * *

शुक्रवारी पुण्याची माणसं आली. त्यांनी पट्टीवर गाडा पळवला, गाड्याला सुई लावली आणि काचेवर एक रेघ मारली. मग ती काच उजेडाला धरून भिंग लावून पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधोमध कुठे थरथर नाही, कुठे अडखळ नाही. त्यांच्यातले म्हातारे साहेब म्हणाले, "गचका कसा घालवलात?" वैजनाथ सर माझ्याकडे आणि अमृतकडे बघून म्हणाले, "घरगुती उपाय आहे." झुंबरबाईंना तेव्हा जो खोकला लागला तो थांबेना.

मी बेंगळुरूला नकार कळवला. मग मॅग्नेट रूमच्या दाराशी आले. ताटात अमृतचं घड्याळ होतं. त्याच्या शेजारी मी पिन ठेवली.

"ती माझी आहे," आतून आवाज आला.

"माझी आहे. हरेगावच्या यात्रेतली."

"मग मी काय ठेवू?"

"मी आहे ना," मी म्हटलं. "आता पिन कशाला हवी?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

रविवारी तो श्रीरामपूरला आला. सोबत त्याचे आईवडील आणि राजूरचे पेढे. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दाराच्या फटीतून बैठकीत बघत कुजबुजली, "मुलगा चांगला दिसतोय गं. पण आल्यापासून अवाक्षर नाही. बोलतो का तरी?"

बैठकीत अमृत पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरून ताठ बसला होता. माझ्या खांद्यावरच्या निळ्या मण्याकडे त्याची नजर गेली आणि त्याने घाईघाईने खाली पाहिलं.

"बोलतो, आई," मी म्हटलं. "जरा सोडवावं लागतं."